चार बीजाणू, सहा हजार जनुकं

यीस्टच्या आयुष्यात गुणसूत्रांचा एकच संच असलेली अवस्था आणि दोन संच असलेली अवस्था आलटूनपालटून येतात, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओयविंड विंगे यांनी 1935 मध्ये दाखवलं. बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेला हा शोध. तोवर पाव आणि दारू यांच्यापलीकडे फारशी ओळख नसलेल्या या पेशीचा त्यामुळे मेंडेलच्या वाटाण्यासारखा संकर करता येऊ लागला, आणि वाटाण्याला हंगाम लागतो तिथे यीस्टचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत होऊ लागलं.

संकर म्हणजे हातांचं काम होतं. दोन संचांच्या पेशीला उपाशी ठेवलं की तिच्यात चार बीजाणू तयार होतात, चार दाण्यांच्या शेंगेसारखे एका पिशवीत. ती पिशवी फोडून चारही दाणे वेगळे करायचे. सूक्ष्मदर्शकाखाली, केसासारख्या बारीक काचेच्या सुईनं एकेक बीजाणू उचलायचा आणि अगारवर ठरावीक अंतरावर ठेवायचा. पिशवीची भिंत चिवट, त्यामुळे सुरुवातीला यात फार वेळ जाई. 1959 मध्ये जॉन्स्टन आणि मॉर्टिमर यांनी गोगलगायीच्या पोटातला पाचक रस वापरला. त्यानं भिंत विरघळते, बीजाणू मात्र शाबूत राहतात. 30 अंशांवर दोन-तीन दिवसांनी प्लेटवर चार-चार ठिपक्यांच्या रांगा उगवतात. युरॅसिल हे पोषक द्रव्य नसलेल्या अन्नावर त्यांचा ठसा उमटवला आणि प्रत्येक चौकडीतले दोन वाढले, दोन थांबले, की समजायचं, मामला एकाच जनुकाचा. इतका चोख हिशेब देणारे जीव मोजकेच.

याच मॉर्टिमर यांनी घडवलेला एस288सी हा वाण आज जगभरातल्या प्रयोगशाळांत आहे. त्याचं मूळ पाहिलं तर गंमत वाटते. 1938 मध्ये एमिल म्राक यांनी कॅलिफोर्नियातल्या मर्सेडजवळ एका सडक्या अंजिरावरून एक यीस्ट वेगळं केलं होतं. एस288सीचा सुमारे 88 टक्के वारसा त्या अंजिरातून आलेला आहे.

पुढची उडी 1978 ची. हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी कॉर्नेल विद्यापीठात पेशीभित्ती काढून टाकलेल्या यीस्टमध्ये बाहेरचा डीएनए घातला. पाच वर्षांनी जपानमध्ये इतो आणि सहकाऱ्यांनी भित्ती न काढताच, लिथियम ॲसिटेटमध्ये भिजवून आणि 42 अंशांचा चटका देऊन तेच साधलं. ही कृती थोड्याफार फरकानं आजही प्रयोगशाळांत चालते. शिवाय यीस्टची एक मोठी सोय म्हणजे आत गेलेला तुकडा आपल्यासारखाच क्रम शोधून नेमक्या जागी बसतो. 1983 मध्ये रॉथस्टाइन यांनी याच गुणाचा उपयोग करून हवं ते जनुक एका पायरीत उडवायची रीत दिली.

माझ्या मते या साऱ्या रीतींइतकीच मोलाची होती वाटून घेण्याची सवय. 1970 पासून कोल्ड स्प्रिंग हार्बरला शर्मन आणि फिंक उन्हाळी वर्ग घेत. तिथली प्रयोगपुस्तिका देशोदेशीच्या प्रयोगशाळांत पोचली. वाण हवा असला तर गाळणकागदाच्या तुकड्यावर पेशी वाळवून साध्या पाकिटातून टपालानं यायचा. 1996 मध्ये 16 गुणसूत्रं आणि सुमारे सहा हजार जनुकांचा संपूर्ण क्रम जाहीर झाला, तोही सहाशेहून अधिक शास्त्रज्ञांच्या सामाईक कामातून. मग जवळजवळ प्रत्येक जनुक एकेक करून उडवलेले वाण तयार झाले. प्रत्येकात 20 अक्षरांची स्वतःची डीएनए-खूण घातली होती, म्हणून हजारो वाण एकाच फ्लास्कमध्ये वाढवून कोण टिकलं, कोण मागे पडलं हे मोजता येऊ लागलं. हा संच कुणालाही मागवता येतो.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यात यीस्टही जपलेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत पी. जयदेव भट यांनी गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं कशी चालू-बंद होतात, या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि 2008 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पण सामान्य माणसापर्यंत यीस्ट पोचलं ते लशीतून. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं 1997 मध्ये बाजारात आणलेली कावीळ-बची लस पिकिया या यीस्टमध्ये बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हान्सेन्युला या यीस्टमध्ये. 2021 अखेर परवानगी मिळालेल्या कोर्बेव्हॅक्सचं प्रथिनही पिकियातलंच.

यीस्टचा पुढचा अभ्यास कुठे करता येईल असा विचार केला की तेलंगणातल्या बासरसारख्या गावाकडे पाहावंसं वाटतं. पूर्वी आदिलाबाद आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्यातलं, धर्माबादच्या पलीकडचं हे गोदाकाठचं गाव. मराठवाड्यातली कुटुंबं लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला लावण्यासाठी इथल्या सरस्वतीकडे येतात. 2008 पासून इथे दहावीनंतर थेट सहा वर्षांसाठी प्रवेश देणारं तंत्रज्ञान विद्यापीठही आहे. आणि तेलंगणात ताडाला, शिंदीला मडकी बांधलेली दिसतात. मडक्यातला रस आपोआप आलेल्या यीस्टमुळे काही तासांतच फेसाळतो, त्यात विरजण कुणी घालत नाही.

2018 मध्ये 1,011 यीस्ट-वाणांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकेतल्या ताडीच्या यीस्टचा वेगळा गट दिसला. आपल्या शिंदीचं यीस्ट त्यांच्या जवळचं की दूरचं, हे तपासायला फार मोठा खर्च लागू नये. मडक्यातला थेंब प्लेटवर पसरावा, सुटी वसाहत उचलावी, ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांवर ठेवावी. झाड, गाव, तारीख लिहून पुण्याच्या संग्रहात क्रमांक घ्यावा. क्रम वाचून झाला की पुढचं जुळवाजुळवीचं काम संगणकावरचं आहे, आणि यीस्टची बरीचशी माहिती सर्वांना खुली असल्यानं ते बासरच्या वसतिगृहात बसूनही करता येईल. संकराचा भाग मात्र प्रयोगशाळेतच व्हायचा: शिंदीच्या यीस्टचे बीजाणू अंजिराच्या वारसाशी जुळवायचे, पिशव्या फोडायच्या, आणि चारांपैकी किती जगतात ते मोजायचं.