84 एचपीतलं वाद्य

युरोरॅक म्हणजे सुटी मॉड्यूलं केबलींनी जोडून वाजवायचा सिंथेसायझर. त्याच्या एका ओळीची लांबी बहुतेक वेळा 84 एचपी असते, म्हणजे जेमतेम 43 सेंटिमीटर. एक एचपी म्हणजे 5.08 मिलिमीटर. एवढ्याशा जागेत कोणतं मॉड्यूल बसवायचं आणि कोणतं बाहेर ठेवायचं, यावर वाजवणारे महिनोन्‌महिने डोकं खपवतात.

ही मापं ठरली म्युनिकजवळच्या ग्रेफेलफिंगमध्ये. क्राफ्टवर्क या बँडच्या सहकार्याने सीक्वेन्सर तयार करणाऱ्या डीटर डोप्फर यांनी 1995 मध्ये ए-100 ही मालिका आणली. पॅनेलची उंची 128.5 मिलिमीटर, वीज अधिक-उणे 12 व्होल्टची, जोडणीला 3.5 मिलिमीटरची जॅक पिन. हीच मापं इतरांनीही उचलली आणि आज जगभरातल्या लहानमोठ्या कारागिरांची हजारो मॉड्यूलं एकमेकांशेजारी बसतात.

त्याआधी असं वाद्य म्हणजे संस्थेची मालमत्ता. रॉबर्ट मूग आणि डॉन बुखला यांनी साठच्या दशकात बांधलेली यंत्रं मुख्यतः विद्यापीठं आणि स्टुडिओंच्याच आवाक्यातली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर केलेलं काम 2023 मध्ये अल्बमरूपाने लोकांपर्यंत पोचलं. युरोरॅकने निवडीचं काम एकेकट्या वादकाच्या हाती दिलं आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

एक साधा आवाज काढायला फार काही लागत नाही. डोप्फरचाच ऑसिलेटर घेतला तर 10 एचपी. फिल्टर, एन्व्हलप आणि व्हीसीए प्रत्येकी 8. झाले 34. ऑसिलेटर सूर देतो, फिल्टर त्याचा पोत बदलतो, एन्व्हलप प्रत्येक स्वराचा चढ-उतार ठरवतो आणि व्हीसीए त्या हुकमाप्रमाणे आवाज कमीजास्त करतो. उरले 50 एचपी.

नवखा माणूस इथे आणखी दोन देखणे ऑसिलेटर घेतो. दुकानात लक्ष त्यांच्याकडेच जातं. पण रॅक जिवंत होतो तो मिक्सर, व्होल्टेज कमी करणारा अटेन्युएटर, एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारा मल्टिपल आणि जादा व्हीसीए अशा मॉड्यूलांनी, ज्यांना स्वतःचा आवाज नसतो. व्हीसीए कितीही असले तरी कमीच, असं या वर्तुळात नेहमी म्हटलं जातं, ते अनुभवातून आलेलं आहे.

साधं कंपनच घ्या. युरोरॅकमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. म्हणजे सप्तकाच्या बारा भागांपैकी एक भाग सुमारे 83 मिलिव्होल्टचा. गळ्यातल्यासारखा हलका कंप हवा असेल तर याहूनही कमी व्होल्टेज पुरतं. आता पाच व्होल्ट वर आणि पाच व्होल्ट खाली झुलणारा एलएफओ, म्हणजे संथ गतीचा ऑसिलेटर, थेट सूर देणाऱ्या ऑसिलेटरला जोडला, तर सूर दहा सप्तकं धावतो आणि ऐकू येतो तो सायरन! मध्ये अटेन्युएटर लावला की तो ताब्यात येतो. त्याच वाटेवर एक व्हीसीए घालून त्याला सावकाश चढणारा एन्व्हलप दिला, तर स्वर आधी सरळ लागतो आणि मग हळूहळू आंदोलित होतो, जसा गवई लावतो. एवढ्या एका गोष्टीत दोन ‘मुकी’ मॉड्यूलं खर्ची पडतात, आणि कानाला मिळणारं समाधान तिसऱ्या ऑसिलेटरपेक्षा कितीतरी मोठं असतं.

अशी जागा भराभर संपते, म्हणूनच अनेक कामं करणाऱ्या मॉड्यूलांना एवढी मागणी असते. मेक नॉइज कंपनीचं मॅथ्स 20 एचपी खातं, पण तेच एन्व्हलप होतं, एलएफओ होतं, व्होल्टेजची बेरीजही करतं. पॅरिसच्या एमिली जिले यांचं प्लेट्स 12 एचपीत अनेक जातींचे आवाज देतं. लहान रॅकसाठी ही जोडी उत्तमच.

विजेचा हिशेब मात्र चुकवून चालत नाही. अधिक 12 आणि उणे 12 या दोन्ही बाजूंचे मिलिअँपिअर वेगवेगळे मोजावे लागतात. जाणकार साधारण पाव भाग क्षमता राखून ठेवतात, कारण डिजिटल मॉड्यूलं सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतात. मॉड्यूलला वीज पुरवणाऱ्या रिबन केबलची लाल कड उणे 12 च्या बाजूलाच लावायची. ती उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं.

खरेदीआधी जुळणी करून पाहण्यासाठी 2017 पासून व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. जिले यांनी आपली रचना खुली ठेवल्यामुळे त्यांची बरीच मॉड्यूलं तिथे वाजवून पाहता येतात. पण दोन अरुंद मॉड्यूलांमधल्या नॉबला बोट पोचतं का, पंधरा केबली लोंबू लागल्यावर फिल्टरचा नॉब सापडतो का, हे पडद्यावर कळत नाही. ज्या नॉबला सतत हात लागणार त्याच्याभोवती मोकळी जागा हवी. म्हणून शहाणे वादक पहिल्याच फटक्यात ओळ भरत नाहीत. उरलेल्या 10-12 एचपीवर कोरी पट्टी लावतात, काही महिने वाजवतात, आणि हात पुन्हा पुन्हा कशासाठी अडतो ते पाहून पुढचं मॉड्यूल मागवतात.