घर आणि घरपण

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने हादरला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. ती मुख्यतः घराच्या भाराखाली गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच असे. हादऱ्यासरशी भिंती फुटल्या, आणि उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे माळवद झोपलेल्यांवर कोसळले.

अशा कुटुंबांना पुन्हा उभे करावयाचे म्हणजे काय करावयाचे? शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने दोन मार्ग अवलंबिले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे जमिनीच्या धारणेनुसार अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. रस्ते रुंद आणि सरळ झाले. परंतु जुना शेजार विस्कटला, शेत लांब पडले, गुरांना आणि कडब्याला जागा उरली नाही. भिंतींचे भय मनातून न गेल्याने कित्येकांनी पक्क्या घराशेजारी पत्र्याचा आडोसा उभारला आणि तेथेच निजणे पसंत केले.

जेथे घरे केवळ तडकली होती, तेथे दुसरा मार्ग होता. दोन लाखांच्या जवळपास घरांसाठी अनुदान थेट कुटुंबाच्या हाती देण्यात आले. महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. भिंतीत आरपार दगड का बसवावा, दारांच्या वर काँक्रीटची पट्टी का फिरवावी, माळवदावरील माती का कमी करावी, हे त्यांनी घरोघरी समजावून सांगितले. कारण कळले, तसे कामावर लक्ष ठेवण्याचे धैर्यही आले. गवंड्याला जाब विचारणारी गृहिणी याच अनुभवातून घडली.

गाव जेथे नाहीसेच झाले, तेथे स्थलांतरावाचून गत्यंतर नव्हते, हे खरेच. तथापि दान म्हणून मिळालेल्या घरात मन रुजावयास वेळ लागतो. स्वतः उभारलेल्या घरात ते पहिल्या दिवसापासून असते. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील याच स्त्रिया तेथील आपद्ग्रस्त भगिनींना आपला अनुभव सांगावयास गेल्या. साहाय्य घेणारे हात साहाय्य देऊ लागले, तेव्हाच पुनर्वसन खऱ्या अर्थाने पुरे झाले.