काटा पाठीवर की पायाखाली?

अवयव ‘कशासाठी’ असतो, हा प्रश्न मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलपाशी सोडला होता. आज तोच प्रश्न घेऊन कॅनडात जाऊ. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात बर्जेस शेल नावाचा खडक आहे, ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्यात बोटाच्या पेराएवढा एक प्राणी सापडला. चार्ल्स वॉलकॉट यांनी १९११ मध्ये त्याला सागरी कृमींच्या एका जातीत घातलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

मग १९७७ साली सायमन कॉनवे मॉरिस यांनी तो नीट पाहिला. एका बाजूला सुईसारखे ताठ काटे, सात जोड्या. दुसऱ्या बाजूला मऊ शुंडा, पण एकाच रांगेत. आता बघा, तर्क कसा चालतो. पाय जोडीजोडीनं असतात. एका रांगेतल्या पायांवर कुणी उभं राहू शकत नाही. काटे जोडीत आहेत, शुंडा नाहीत. म्हणून काटे हेच पाय! स्वप्नात दिसावं असं ते रूप, म्हणून नाव ठेवलं हॅलुसिजेनिया.

या तर्काला हसू नये, असं आम्हांला वाटतं. अनुमान सरळ आहे. घोळ आधारविधानात होता. ‘दिसत नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला गेला. आपल्याकडचे नैयायिक अनुपलब्धीवर एवढा काथ्याकूट का करत होते, ते इथं कळतं. १९९१ मध्ये लार्स राम्सकोल्ड आणि हौ शियानग्वांग यांनी चीनमधल्या चेंगजियांगच्या जीवाश्मांकडे बोट दाखवलं. तिथल्या नातलग प्राण्यांत पाय खाली जोडीनं होते, आणि कवचाचे तुकडे व काटे वर. पुढे दगड उकरल्यावर हॅलुसिजेनियाच्या पायांची दुसरी रांगही मिळाली. प्राणी उलटा उभा केला होता.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. एका टोकाचा काळा डाग म्हणजे डोकं, असं बरेच जण धरून चालले होते. २०१५ मध्ये मार्टिन स्मिथ आणि जाँ-बर्नार्ड कॅरॉन यांना दुसऱ्या टोकाला डोळे आणि दात दिसले. काळा डाग म्हणजे मेल्यावर शरीरातून पिळून बाहेर आलेला द्रव. म्हणजे वरचं खाली तर झालंच होतं, पुढचं मागेही!

टोकदार वस्तू दिसली की आपण लगेच ‘शस्त्र’ म्हणतो, कारण काटा आपल्या पायात मोडलेला असतो. हॉर्सशू क्रॅब घ्या. नावात क्रॅब असला तरी हा संधिपाद खेकड्यापेक्षा कोळी-विंचवाच्या जवळचा. ओडिशाच्या किनाऱ्यावरही असतो. शेपूट लांब सुईसारखी, पाहणारा दचकतो. पण ती डंख मारत नाही, तिच्यात विषही नाही. लाटेनं पाठीवर पडला की तो ती वाळूत रोवून स्वतःला सुलटा करतो. हे कळलं ते आकारावरून नव्हे, जिवंत प्राणी पाहून.

जीवाश्मात पाहायला तो प्राणीच नसतो, ही खरी अडचण. इग्वानोडॉन या डायनासोरचा एक सुटा काटा गिडिऑन मॅन्टेल यांनी नाकावर बसवला. गेंडा डोळ्यांपुढे होताच. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे निघाले, तेव्हा काटा अंगठ्याचा ठरला. जागा पक्की झाली. काम मात्र नाही: कुणी म्हणतं शत्रूला भोसकायला, कुणी म्हणतं बिया-फळं फोडायला.

हॅलुसिजेनियाचे काटे संरक्षणासाठी, हे बहुतेकांना पटतं. पण २०१४ मध्ये त्याच्या नख्या तपासल्या, तेव्हा एका शंकूत दुसरा शंकू अशी रचना आढळली. आजच्या वेल्व्हेट वर्म या मऊ पायांच्या प्राण्याच्या नख्यांत नेमकी तीच असते. ‘कशासाठी’ विचारत निघालेल्यांना ‘कोणाचा’ याचं उत्तर आधी मिळालं.