ओकोंक्वोला कोणाची भीती होती?

नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. गोऱ्या साम्राज्यवाद्यांनी इग्बो लोकांचा नांदता समाज कसा मोडला, याची कहाणी म्हणून ती जगभर वाचली जाते. ते चूक नाही. परंतु जातीचे चटके सोसलेल्या माणसाने ती वाचली की त्याचे लक्ष गोऱ्या साहेबाआधी दुसरीकडेच जाते. साहेब तर निम्म्याहून अधिक पुस्तक संपल्यावर उगवतो. तोवर ओकोंक्वोच्या घरात एक पोरगा आतून तुटलेला असतो, आणि त्याला तोडणारा इंग्रज नसतो, त्याचा बाप असतो.

ओकोंक्वो हा उमुओफिया गावचा नामांकित मल्ल. रतालूंनी भरलेली कोठारे, तीन बायका, गावात मान. हे सारे त्याने शून्यातून उभे केले. त्याचा बाप उनोका बासरी वाजवायचा, ताडी प्यायचा, उधारी करायचा आणि सावकार दारात आला की भिंतीवर खडूने ओढलेल्या रेघा दाखवून हसायचा. मोठी देणी आधी, तुझे नंतर! शेवटी पोट सुजण्याच्या रोगाने तो मरणाला टेकला, तेव्हा धरणीमातेला विटाळ नको म्हणून लोकांनी त्याला उचलून रानात नेऊन टाकले. त्याला मूठमातीही मिळाली नाही. जाताना तो बासरी तेवढी सोबत घेऊन गेला.

एवढ्यावरून उनोकाला नालायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण अचेबे तसे करीत नाहीत. ओकोंक्वोने उसने बियाणे घेऊन पहिली लागवड केली त्या वर्षी आधी दुष्काळ पडला, मग अतिवृष्टी झाली आणि सगळे पीक गेले. तेव्हा आजारी उनोकाने त्याला समजावले की सगळ्या गावासोबत हरणे सोसता येते, एकट्याने हरणे अवघड असते. बापाने दिलेला हा शहाणपणाचा शब्द पोराला मात्र असह्य झाला. बापाची प्रत्येक गोष्ट त्याला नकोशी होती. बापात आळस होता तसा हळुवारपणाही होता. ओकोंक्वोने दोन्ही एकाच तडाख्यात फेकून दिले.

या द्वेषाचे मूळ एका शब्दात आहे. लहानपणी खेळगड्याने त्याला म्हटले, तुझा बाप ‘अगबाला’ आहे. इग्बो भाषेत या शब्दाचा अर्थ बाई, आणि ज्याला समाजात कोणतीही पदवी मिळाली नाही असा पुरुषही. आपल्याकडे ‘बायल्या’ म्हणतात, तसेच. चळवळीतील मित्रांना राग आला तरी चालेल, पण येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महिलांच्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. आणि अधिकारी काम करीत नाही म्हटले की मोर्चा काढून त्याला बांगड्यांचा आहेर करतो! हा आहेर नेमका कोणाचा अपमान करतो? बांगड्या भरणाऱ्या आपल्या आया-बहिणी त्याच मोर्चात घोषणा देत पुढे चालत असतात.

आता इकेमेफुनाकडे येऊ. शेजारच्या गावाने उमुओफियाची एक स्त्री मारली, त्याची भरपाई म्हणून हा निरपराध पोरगा आला आणि ओकोंक्वोच्या घरी तीन वर्षे राहिला. त्याला बाप म्हणू लागला. ओकोंक्वोचा थोरला मुलगा न्वोये त्याच्या सोबतीने खुलला. ओकोंक्वोलाही पोर आवडत होते, पण ते दाखवायचे कसे? त्याच्या लेखी राग सोडून कोणतीही भावना दाखवणे म्हणजे दुबळेपणा. पुढे देवाचा कौल आला की पोराला मारा. गावातला वृद्ध एझेउडू मुद्दाम घरी येऊन सांगून गेला, पोर तुला बाप म्हणते, तू यात हात घालू नकोस. म्हणजे त्याला मोकळीक होती. त्याचा मित्र ओबिएरिका गेलाही नाही, आणि त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. ओकोंक्वो मात्र गेला. रानात पहिला वार झाला तेव्हा पोरगा ‘बाबा’ म्हणत त्याच्याकडेच धावला, आणि ओकोंक्वोने कोयता उपसून त्याला कापले. लोक आपल्याला दुबळा म्हणतील, या भीतीने.

फौजदारी वकिलाच्या नजरेने पाहिले तर आज्ञा दुसऱ्याची होती, हा बचाव येथे टिकत नाही. आज्ञा गावाला होती, त्याच्या हाताला नव्हती. धर्माच्या नावाने झालेल्या क्रौर्यात किती हात धर्माच्या धाकाने उठतात आणि किती शेजाऱ्याच्या नजरेच्या धाकाने, हे एकदा तपासले पाहिजे. घरी येऊन ओकोंक्वो दोन दिवस जेवला नाही. आपण म्हातारीसारखे थरथरायला कधी लागलो, असे स्वतःलाच विचारत राहिला. त्याच्यातला माणूस जागा झाला होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

न्वोयेला कोणी काही सांगितले नाही. बाप घरी आला तेव्हाच त्याला कळले, आणि त्याच्या आत काहीतरी निसटले. असे एकदा आधीही झाले होते. शेतातून परतताना रानातून तान्ह्या बाळांचे रडणे ऐकू आले होते. जुळी मुले अशुभ म्हणून मडक्यात घालून रानात टाकण्याची तिथे रूढी होती. पुढे मिशनरी आले तेव्हा पित्याचे आणि पुत्राचे तत्त्वज्ञान न्वोयेला कळलेही नाही. अंधारात बसलेल्या भावंडांविषयीच्या गाण्याने मात्र त्याच्या मनातल्या दोन जुन्या प्रश्नांना हात घातला. तो चर्चमध्ये गेल्याचे कळताच बापाने त्याची मानगूट धरली. पोरगा कायमचा निघून गेला.

त्याच चर्चमध्ये आणखी कोण आले? ‘ओसू’. देवाला वाहिलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांनी वेगळे राहायचे, इतरांशी लग्न करायचे नाही, मेल्यावर रानात पुरले जायचे. केस कापायचे नाहीत, म्हणजे दुरूनच ओळख पटावी. आपल्या गळ्यातल्या मडक्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. नव्या ख्रिश्चनांनीच त्यांना विरोध केला. किआगा नावाचा इग्बो धर्मोपदेशक ठाम राहिला आणि त्याने त्यांना जटा कापायला लावल्या. म्हणून कोणी मिशनऱ्यांचे गोडवे गाऊ नयेत. त्यांच्या पाठोपाठ कोर्ट आणि तुरुंगही आलेच. पण समाजाने ज्यांना रानात फेकले तेच आधी बाहेर पडले, याचा दोष बाहेरच्या माणसावर कसा टाकता येईल?

पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षी, ओसू प्रथा कायद्याने रद्द केली. तेथील १९९९ च्या राज्यघटनेचे ४२ वे कलमही जन्मावरून कोणाला वंचित ठेवण्यास मनाई करते. तरी लग्न जुळवताना घराण्याची चौकशी होतेच. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००२ साली जात आणि तिच्यासारख्या जन्माधारित व्यवस्था वंशभेदाच्या कक्षेत येतात असे स्पष्ट केले. आदल्या वर्षी दर्बानला भारत सरकारने जातीचा प्रश्न त्या चर्चेत येऊ नये म्हणून किती आटापिटा केला होता, हे वाचकांना आठवत असेलच.

ओकोंक्वोने शेवटी सरकारी शिपायाचे मुंडके उडवले. आपल्यामागे गाव उठेल असे त्याला वाटले. गाव उठले नाही. त्याने गळफास घेतला. आत्महत्या हे त्या धर्मात महापाप, त्यामुळे त्याच्या प्रेताला गावकऱ्यांनी हात लावायचा नाही, परक्यांनीच पुरायचे. आयुष्यभर ज्या बापापासून पळाला, त्याच्यासारखेच त्याचेही मरण बेवारशाचे झाले.

न्वोयेचे पुढे काय झाले, ते अचेबे यांच्या १९६० च्या ‘नो लाँगर अ‍ॅट ईझ’मध्ये आहे. तो आता आयझॅक आहे, म्हातारा, चर्चचा निष्ठावंत. बापाने गळफास घेतल्याची बातमी आली तेव्हाही तो ढळला नव्हता. त्याचा मुलगा ओबी इंग्लंडहून शिकून आला, सरकारी अधिकारी झाला आणि क्लारा नावाच्या नर्सशी लग्न करायचे म्हणाला. क्लारा ओसू आहे. ओबी म्हणतो, आपण ख्रिश्चन आहोत ना? आयझॅक बायबलमधल्याच एका कुष्ठरोगी सेनापतीचा दाखला देतो. कितीही मोठा असला तरी तो कुष्ठरोगीच, आणि ओसूही तसाच. तुझ्या मुलींशी लग्न कोण करील? आई म्हणते, मी जिवंत असताना हे लग्न केलेस तर जीव देईन. ओबी क्लाराला थोडे थांबायला सांगतो. क्लारा बोटातली अंगठी काढून परत करते.