शारीर प्रतिकृती, प्रशिक्षणार्थ
अंतःक्षेपण, टाके घालणे, श्वासनालात नळी बसविणे यांसारख्या वैद्यकीय क्रियांचा रुग्णाला धोका न पोहोचता सराव व्हावा, म्हणून शरीराच्या भागांच्या बनविलेल्या प्रतिकृती. संग्रहालयातील मेणाची प्रतिकृती रचना दाखविते. प्रशिक्षणाच्या प्रतिकृतीने सुईला व बोटाला जिवंत शरीरासारखा विरोध केला पाहिजे. रूपसाम्य त्या मानाने गौण होय.

हे तत्त्व सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आढळते. तेथे छेदनासाठी कोहळा व दुध्या, भेदनासाठी पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्या, वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ, तर पट्ट्या बांधण्यासाठी माणसाचा पुतळा सांगितला आहे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात आंजेलिक द्यु कुद्रे यांनी कापड व कातड्याची प्रसूतिप्रतिकृती घेऊन गावोगावच्या सुइणींना शिकविले. कृत्रिम श्वसनाच्या सरावाचा पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुन लेअर्दाल यांनी तयार केला.

अशा सरावाचे मोल आडभागात अधिक जाणवते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगरांत असून तेथून घोडेगाव, मंचर, जुन्नर किंवा नारायणगाव गाठावे लागते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. वेदना अल्प असते, पण पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. एकदा आलेला लुळेपणा प्रतिविषाने लगेच हटत नाही. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. श्वासनालाऐवजी नळी अन्ननलिकेत गेली व ते वेळीच ध्यानात आले नाही, तर रुग्ण दगावतो. लहान केंद्रातील डॉक्टरापुढे असा प्रसंग क्वचितच येत असल्याने हात तयार होण्यास प्रतिकृतीच हवी.

या प्रतिकृतीत खालचा जबडा हलता, जीभ मऊ आणि स्वरयंत्रावरील झाकण लवचिक असते. श्वासनाल व अन्ननलिका हे दोन्ही मार्ग ठेवलेले असतात : नळी योग्य जागी असल्यास छातीतील पिशव्या फुगतात, चुकल्यास पोटातील. टाक्यांच्या सरावासाठी सिलिकोनचे थर साच्यात एकावर एक ओततात. सिलिकोन तेल मिसळल्याने चरबीचा थर मऊ होतो, आणि दोऱ्याने त्वचा फाटू नये म्हणून वरच्या थरात विरळ जाळीचे कापड घालतात.

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेची तरतूद आहे. मात्र लाळ, रक्त व ओकारी यांनी भरलेला घसा प्रतिकृतीत सहसा नसतो. त्यामुळे रुग्णावरील पहिले प्रयत्न अनुभवी डॉक्टराच्या देखरेखीखालीच करावे लागतात. नैसर्गिक रबराचे भाग खनिज तेलाने फुगून खराब होत असल्याने सरावात नळीला तेलकट वंगण लावीत नाहीत.