गावचं वाचनालय

साक्षरतेच्या वर्गात बसून आपण अक्षरे शिकलो. पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा हात थरथरला, पण मन भरून आले. एस. टी.ची पाटी वाचता आली. रेशनकार्डावरचे नाव वाचता आले. पण वर्ग संपला म्हणजे पुढे काय?

नागभीड तालुक्यातल्या एका गावात एक बाई आम्हांला भेटल्या. वर्ग संपून दोन पावसाळे गेले होते. त्या म्हणाल्या, “मले आता घ आन् ध सारखेच दिसतात जी. घरात वाचायले काहीच नाही, तं करू काय?”

यात त्या बाईंचा दोष नव्हता. विळा वर्षभर आढ्याला खोचून ठेवला तर तो गंजणारच. त्यांच्या गावात वाचण्यासारखा एकही कागद नव्हता. अशा गावात वाचनालय पाहिजे. ते कसं सुरू करायचं ते सांगतो. ते बंद कसं पडतं, तेही सांगतो, कारण सुरू करणं सोपं आहे.

पुष्कळ जण म्हणतात, “आधी इमारत पाहिजे.” आम्हांला हे पटत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ भिलार नावाचं गाव आहे. तिथले लोक स्ट्रॉबेरीची शेती करतात. २०१७ साली ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत ठेवली आहेत. कोणाच्या ओसरीत, कोणाच्या खोलीत. येणारा माणूस आत जातो आणि वाचत बसतो. आपल्या गावात समाजमंदिराची एक भिंत मिळाली तरी चालेल. तीही नसेल तर एक कोरडी ओसरी पुरे.

पैशांचं काय? आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात, वडशाहून नाटक कंपनी येते. एका रात्रीच्या नाटकासाठी गाव मंडप घालतं, तिकिटं खपवतं, हिशेब करतं. ज्या गावाला हे जमतं त्याला चाळीस पुस्तकं घेणं जड नाही. नाटकाच्या हिशेबातून थोडे पैसे बाजूला काढावेत. धान घरी आलं की ज्याला जमेल त्याने पायलीभर धान द्यावं. ज्याला जमणार नाही त्याच्या दारात मागायला जाऊ नये.

पुस्तकं निवडताना मात्र घाई करू नका. शहरातले भले लोक जुनी पुस्तकं देतात. त्यांत कधी कधी मुलांची मागच्या वर्षीची गाइडं असतात, कधी न वाचलेले जाडजूड ग्रंथ असतात. नम्रपणे ‘नको’ म्हणावं. आपल्याला मोठ्या टाइपाची, थोड्या पानांची पुस्तकं हवीत. गोष्टींची हवीत. धानावरच्या तुडतुड्याची आणि खोडकिड्याची माहिती देणारी हवीत. मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक चांगलं आहे. आणि नाटकाची पुस्तकं तर हवीतच! रात्रभर जागून पाहिलेलं नाटक माणूस आवडीने वाचतो. संवाद आधीच कानांत असतो, म्हणून अडखळलेलं अक्षरही लवकर सुटतं. काही लोक नाटकाच्या पुस्तकाला हलकं समजतात. समजोत.

चाळीस पुस्तकं चार महिन्यांत वाचून होतील. मग? याची एक जुनी युक्ती आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या संस्थानात १९१० पासून वाचनालयांची चळवळ सुरू केली. तेव्हा तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवीत. एका गावची वाचून झाली की पेटी पुढच्या गावी जाई. आपणही हे करू शकतो. शेजारच्या तीन गावांनी प्रत्येकी चाळीस वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत आणि दर चार महिन्यांनी पेट्या बदलाव्यात. वर्षाअखेर प्रत्येक गावाला एकशेवीस पुस्तकं वाचायला मिळतात. खर्च मात्र चाळिसांचाच. पेटी सायकलवर जाईल एवढीच असावी.

आता कुलपाविषयी बोलू. आमच्या पाहण्यातली बहुतेक वाचनालये पैशांवाचून बंद पडली नाहीत. ती कुलपामुळे बंद पडली. एका गावात मोठा समारंभ झाला, हार घातले, काचेचं कपाट आलं. किल्ली एका माणसाकडे दिली. तो मुलाकडे नागपूरला गेला आणि चार महिने तिकडेच राहिला. पुस्तकं काचेतून दिसत होती! पुढे पावसाळा आला. कपाट उघडलं तेव्हा आत उधईने मातीची घरं केली होती. कोणी चोरी केली नाही, कोणी भांडलं नाही, तरी वाचनालय गेलं.

म्हणून किल्ल्या तीन असाव्यात आणि तीन घरी असाव्यात. त्यांतली एक बाईमाणसाकडे असावी. दुकान कधी उघडं असतं हे गावाला पाठ असतं, तशी वाचनालयाची वेळ गावाला पाठ पाहिजे. आणि ती वेळ शहरातली नको. रोवणीच्या दिवसांत माणूस चिखलातून येतो, जेवतो आणि झोपतो. त्या वेळी आठवड्यातून एक दिवस उघडलं तरी खूप झालं. मोहफुलाच्या दिवसांत माणसं पहाटेच रानात जातात, तेंदूपत्त्याच्या दिवसांतही तेच. तेव्हा सकाळी उघडून उपयोग नाही. दिवाळीनंतर रात्री मोठ्या होतात, धान कापून झालेलं असतं. तेव्हा रोज संध्याकाळी दिवा लागला पाहिजे.

बायांचं काय, हा प्रश्न राहतोच. एका गावात आम्ही विचारलं, “बाया का येत नाहीत?” पुरुष म्हणाले, “त्यांले आवड नाही.” बायांना विचारलं तर त्या हसल्या. एकजण म्हणाली, “सांजच्याले चूल कोन पेटवन, तुम्ही?” आम्ही गप्प बसलो. पुढे त्या गावाने पंधरा पुस्तकं पिशवीत घालून बचतगटाच्या बैठकीत न्यायला सुरुवात केली. पैसे मोजून झाले की पिशवी उघडायची. वर भेटलेल्या बाई याच गावच्या. आता त्यांना घ आणि ध वेगळे दिसतात.

पुस्तक देताना वहीत लिहावं. एक दाखलवही. तिच्यात प्रत्येक पुस्तकाला नंबर, नाव आणि किंमत. दुसरी देवघेवीची वही. तिच्यात पुस्तकाचा नंबर, नेणाऱ्याची सही, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. सही नेणाऱ्यानेच करावी. तेवढंच लिहिणं होतं. उशीर झाला तर दंड लावू नये. दंडाच्या भीतीने माणूस पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही.

ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांनाही वाचनालयात बोलवा. श्रावणात पोथी एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात, ही आपली जुनीच रीत आहे. तुकडोजी महाराजांची १९५५ सालची ग्रामगीता आपल्याकडे अशीच घरोघरी पोचली. तसंच वर्तमानपत्र वाचावं, तसाच सरकारी कागद वाचावा. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने अभ्यासगट चालवला. लोक बसत, विषय समजून घेत, आणि मग ग्रामसभेत ठरवीत. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायदा मराठीत छापलेला मिळतो. तो वाचनालयात असला पाहिजे, आणि एका दमात नव्हे, रोज एक पान असा वाचला पाहिजे.

सरकारची मदत मिळते का, असं लोक विचारतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे वर्षाला अनुदान असतं. त्यासाठी संस्था नोंदवावी लागते, हिशेब चोख लागतो. चौकशी चंद्रपूरला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करावी. पण अनुदान येईल तेव्हा सुरू करू, असं म्हणून थांबू नका. आपल्या दोन वह्या नीट ठेवलेल्या असल्या तर पुढे अर्ज करतानाही त्याच कामी येतात.

आपल्याकडे पाऊस फार, जंगल जवळ, म्हणून उधईचा त्रास ठरलेला. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावं. पायांखाली विटा द्याव्यात. पुस्तकं दाटून भरू नयेत, हवा खेळली पाहिजे. दसऱ्यानंतर सगळी पुस्तकं काढून सावलीत वाऱ्याला ठेवावीत, कडक उन्हात नव्हे, पानं पिवळी पडतात. भिजलेलं पुस्तक चुलीजवळ धरू नये. पानांमध्ये कोरे कागद घालून हळूहळू वाळवावं. पण खरं सांगायचं तर रोज हाताळलेल्या पुस्तकाला उधई सहसा लागत नाही.

शेवटी एक कोरी वही घ्या. तिच्यावर ‘गावची वही’ असं लिहा. आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची शाळा तिसरीपर्यंत झाली होती. १९८३ साली त्यांना धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या ठेवल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या आणि बारीक तांदळाचं नवं वाण तयार केलं. मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडलं. तो तांदूळ आज दूरदूरची माणसं खातात. ३ जून २०१८ रोजी दादाजी वारले. आपल्या गावातही असं जाणणारी माणसं आहेत. कोणाला मासे कोणत्या पाण्यात मिळतात ते ठाऊक, कोणाला जुन्या धानाची नावं ठाऊक, कोणाला दंडारीची गाणी पाठ. त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. दाखलवहीत तिलाही एक नंबर द्या, आणि किंमतीच्या रकान्यात काही लिहू नका.