अपर, डिपर आणि हॉर्न : जुन्या मोटारसायकलच्या स्विचची दुरुस्ती

जुन्या बुलेटच्या हँडलवर, डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात, काड्यापेटीहूनही लहान असा एक स्विच असतो. त्याचा खटका इकडून तिकडे केला की हेडलाइट अपरचा डिपर होतो आणि बटण दाबले की हॉर्न वाजतो. रात्रीच्या घाटात समोरून ट्रक आला की चालकाचा अंगठा न बघता तिथेच जातो. गाडी चाळीस-पन्नास वर्षांची झाली की नेमका हाच स्विच दगा देऊ लागतो. खटका मधेच अडकतो, अपर लागतो पण डिपर लागत नाही, खड्ड्यातून गेले की दिवा लुकलुकतो, हॉर्न कधी वाजतो तर कधी नुसता घरघरतो. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो नवा स्विच टाकण्याचा. हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. जुना स्विच सहसा मेलेला नसतो. तो मळलेला, कळकलेला किंवा आतून सैल झालेला असतो, आणि घरच्या टेबलावर दोन-तीन तासांत तो पुन्हा उभा राहू शकतो.

त्याचे काम समजले की दुरुस्ती निम्मी सोपी होते. बॅटरीची वीज हेडलाइटच्या आवरणातील मुख्य स्विचमधून एका वायरने हँडलवरच्या या स्विचपर्यंत येते. तिथून दोन वायरी निघतात. एक बल्बच्या अपर फिलामेंटकडे जाते, दुसरी डिपर फिलामेंटकडे. आत एक पितळी पत्ती खटक्याबरोबर सरकते आणि येणाऱ्या वायरीचे टोक या दोनपैकी एकाला जोडते. खटका दोन्ही बाजूंना ‘टक्’ करून बसतो तो स्प्रिंग आणि छर्ऱ्यामुळे. छर्रा एका खळग्यातून उसळून दुसऱ्या खळग्यात पडतो. चांगल्या घडणीच्या स्विचमध्ये पत्ती दुसऱ्या टोकाला टेकल्यावरच पहिले टोक सोडते, म्हणजे बदलाच्या क्षणी रस्त्यावर काळोख होत नाही. हॉर्नची रचना मात्र वेगळी असते. अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला वीज आधीच पोचलेली असते. बटण फक्त दुसऱ्या टोकाची वायर हँडलच्या धातूला टेकवते आणि हँडलमधून सांगाड्याची अर्थ मिळून हॉर्न वाजतो. म्हणून हॉर्नच्या दुखण्यात दोष बटणात कमी आणि हँडलच्या अर्थमध्ये जास्त वेळा सापडतो.

स्विच बिघडवणाऱ्यांत पहिला क्रमांक ओलाव्याचा. पावसाचे पाणी वायरीच्या अंगाने आत उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच मुरते. कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारी हवा त्यात भर घालते. पितळेच्या भांड्यात ताक राहिले तर कळकते. त्याच्या मुळाशी तांबे असते, आणि पितळी पत्तीवर चढणारे हिरवट जंगालही तांब्याचेच. जंगालातून वीज नीट जात नाही. दुसरे कारण ठिणगी. खटका बदलताना प्रत्येक वेळी पत्ती आणि ती जिथे टेकते त्या टिकलीच्या मधे बारीक ठिणगी पडते आणि वर्षानुवर्षे तिथे काळे खड्डे पडत जातात. तिसरे कारण वायर. हँडल डावी-उजवीकडे वळताना वायरही वाकते आणि स्विचमध्ये शिरते त्या मानेपाशी आतल्या तारा एकेक करून तुटतात. वरचे आवरण शाबूत असल्याने वायर धडधाकट दिसते, पण आत दोन-तीन ताराच जीव धरून असतात.

हा अडथळा डोळ्यांना क्षुल्लक वाटतो, पण ६ व्होल्टच्या गाडीत तो फार महाग पडतो. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर प्रवाह घेतो. तोच ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ३ अँपिअरही घेत नाही. कळकलेल्या पत्तीने वाटेत फक्त ०.२ ओहमचा अडथळा घातला, तर ६ व्होल्टपैकी जवळजवळ १ व्होल्ट स्विचमध्येच खर्च होतो. साध्या तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. या हिशेबाने १ व्होल्ट गळाला की रस्त्यावर पडणारा उजेड निम्म्यावर येतो. शिवाय गळालेली वीज कुठे नाहीशी होत नाही, ती उष्णता बनते. मोहरीएवढ्या जागेत ५ वॅट उष्णता साठणे म्हणजे घरगुती सोल्डरिंगच्या २५ वॅटच्या इस्त्रीचा पाचवा हिस्सा स्विचच्या पोटात धगधगत ठेवणे. त्या धगीने स्प्रिंगचा ताण मरतो, स्प्रिंग सैल पडली की पत्ती आणखी सैल टेकते, आणि धग आणखी वाढते. ‘जुन्या गाडीचा लाइट मिणमिणताच असतो’ असे सर्रास म्हटले जाते. त्यातला बराचसा मिणमिणाट अशा जोडांमधला असतो, गाडीच्या वयाचा नसतो.

स्विच उघडण्याआधी दोष त्यातच आहे याची खात्री करून घ्यावी. बल्ब, फ्यूज, बॅटरी आणि अर्थ आधी तपासावेत. मग मल्टिमीटर घ्यावा. पुष्कळ जण तो ओहमवर लावून स्विचचा अडथळा मोजू पाहतात, पण स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींतच ०.२-०.३ ओहम असल्याने खरा दोष त्या आकड्यात लपून जातो. खात्रीची रीत वेगळी आहे. दिवा चालू ठेवावा, मीटर व्होल्टवर लावावा, एक टोक स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर आणि दुसरे बाहेर जाणाऱ्या वायरीवर टेकवावे. चांगला जोड इथे ०.१ व्होल्टच्या आत राहतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर चोर सापडला. हीच चाचणी अपर आणि डिपर दोन्हींवर घ्यावी. एकावर आकडा वाईट आणि दुसऱ्यावर चांगला आला तर दोष टिकलीत असतो. दोन्हींवर सारखाच वाईट आला तर येणाऱ्या वायरीच्या जोडात.

उघडताना बॅटरीचे अर्थचे टोक आधी सोडवावे. इथे एक खबरदारी हवी. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, नंतरच्या गाड्यांत ऋण. सवयीने हात टाकण्याआधी गाडीत काय आहे ते बघावे. मग वायरींचे रंग आणि जागा यांचे दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. स्विच हँडलवर ज्या स्क्रूंनी आवळलेला असतो ते गंजलेले असतील, तर भेदक तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबावे. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारेच टोक वापरावे, कारण एकदा खाच झिजली की पुढचे सगळे काम रडतखडत होते. जपानी बनावटीच्या गाड्यांचे फुलीवाले स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच वेगळी असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यातून निसटतो आणि खाच खातो. तिथे जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हरच हवा.

झाकण काढण्याआधी स्विच एका मोठ्या पारदर्शक पिशवीत धरावा आणि हात पिशवीत घालून उघडावा. छर्रा बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. स्प्रिंग मोकळी होताच तो उडतो आणि एकदा फरशीवर गेला की कपाटाखाली मिळेपर्यंत संध्याकाळ होते. आत पाहिले की पहिल्यांदा दिसतो तो जुन्या ग्रीसचा तपकिरी, डिंकासारखा घट्ट झालेला थर. त्यात धूळ आणि पितळेची भुकटी मळून बसलेली असते. त्याखाली पत्तीचा घासलेला चकचकीत पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना हिरवे जंगाल आणि टोकाला ठिणगीने पडलेला काळा ठिपका. सरकणाऱ्या भागाची सारी कहाणी त्या बोटभर पट्ट्यावर वाचता येते. चमक एकाच बाजूला असेल तर पत्ती तिरकी बसते आहे असे समजावे.

ग्रीस काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश उत्तम. रॉकेल हाताशी असते, पण ते मागे तेलकट थर ठेवते. पेट्रोलने रबर फुगते. जंगालासाठी घरातलीच रीत चालते. पितळी भाग सुटा करून चिंच-मिठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. सोडा टाळू नये. आंबट अंश राहिला तर जंगाल महिन्याभरात परत येते. पॉलिश पेपर मात्र जपून वापरावा. काही स्विचच्या टिकल्यांवर चांदीचा पातळ थर असतो आणि खरखरीत कागदाने तो दोन हातांत उडून जातो. तिथे जाड पुठ्ठ्याची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून घासणे पुरते. खड्डे खोल असतील तरच अगदी बारीक कागद, तोही हलक्या हाताने.

स्प्रिंग दाबून सोडली की पूर्ण लांबीवर परत यायला हवी. थकलेली असेल तर ती ताणून लांब करण्याचा मोह होतो. तसे केलेले काही आठवडेच टिकते. बॉलपेनची स्प्रिंग योग्य लांबीला कापून बसवण्याचा उपाय गॅरेजमध्ये जुना आहे आणि व्यास जुळला तर तो खरोखर चालतो. पण जास्त कडक स्प्रिंग घालू नये. खटका जड जातो आणि छर्रा पितळेला खाऊन नाली पाडतो. छर्रा हरवला असेल तर त्याच मापाचा सायकलच्या किंवा लहान बेअरिंगच्या दुकानात मिळतो. माप मात्र खळग्यावरून घ्यावे, अंदाजाने नाही.

कवच तुटले असेल तर ते कशाचे आहे हे आधी ओळखावे लागते. जुन्या स्विचचा काळा, टणक, ठिसूळ भाग बहुधा बेकेलाइटचा असतो. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेले हे प्लास्टिक एकदा साच्यात भाजले की पुन्हा वितळत नाही. म्हणून ते तापवून जोडता येत नाही, त्याला दोन भागांचा एपॉक्सी लागतो. तुटलेल्या कडा अल्कोहोलने पुसून, किंचित खरवडून, पातळ लेप लावून आवळाव्यात आणि पूर्ण एक दिवस हलवू नयेत. आतून जागा असेल तर काचतंतूच्या कापडाचा लहान तुकडा एपॉक्सीत भिजवून मागे चिकटवावा. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, तो कंपनात तडकतो. १९८० नंतरच्या गाड्यांचे स्विच बरेचदा एबीएस प्लास्टिकचे असतात. त्यांना अ‍ॅसिटोन लागते. त्याच प्लास्टिकचा चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी भेगेत भरली की जोड एकजीव होतो. खटक्याचे टोकच गेले असेल तर नायलॉनच्या कांडीतून कानशीने घडवावे. घडलेला भाग मूळच्याशी हुबेहूब जुळला नाही तरी चालेल, अंगठ्याला तो ओळखीचा वाटला पाहिजे.

वायर बदलताना जाडीवर तडजोड करू नये. ६ व्होल्टच्या हेडलाइटसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. जुनी तार खरवडूनही काळीच राहिली तर लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे कापत जावे, काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही. इस्त्रीच्या टोकाला आधी कल्हई द्यावी, जोड पटकन तापवावा आणि सोल्डर इस्त्रीला न लावता जोडाला लावावे. प्लास्टिकच्या कवचात काम असेल तर जोडाजवळ धातूचा चिमटा लावून ठेवावा, म्हणजे उष्णता पुढे जाऊन कवच मऊ पडत नाही. सोल्डर झालेली तार कडक होते आणि नेमकी तिथेच वाकून तुटते. तो भाग स्विचच्या आत राहील आणि वाकणारा भाग मोकळ्या तारेचा असेल असे बघावे. वायर हँडलच्या नळीतून जात असेल तर भोकाची धार कानशीने बोथट करून तिथे रबरी कडे बसवावे.

हॉर्नसाठी हँडलवर स्विच बसतो तेवढी जागा रंगाखालून खरवडून चकचकीत करावी. हँडल रबरी बुशांवर बसवलेले असेल, तर त्याला सांगाड्याशी जोडणारी एक स्वतंत्र अर्थची वायर द्यावी. गाडीची मूळ रचना न बिघडवता होणारी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा आहे. रिले बसवण्याची पद्धतही वाढली आहे. हेडलाइटच्या आवरणात रिले लपवला की बल्बचा भार रिले उचलतो आणि स्विचमधून फक्त त्याच्या गुंडाळीपुरता, १२ व्होल्टच्या गाडीत साधारण ०.१५ अँपिअर, प्रवाह जातो. जुन्या, दुर्मीळ स्विचचे आयुष्य त्याने खरेच वाढते. ६ व्होल्टच्या गाडीला मात्र ६ व्होल्टचाच रिले हवा.

पत्तीच तुटून हरवली असेल तर दुसरा स्विच शोधण्याला पर्याय नाही. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार अशा ठिकाणी पडीक स्विच मिळतात. घेताना हँडलचे माप ध्यानात ठेवावे. बहुतेक हँडल २२ मिलिमीटरच्या आसपास असतात, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांची पूर्ण एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. बाहेरून तुटका पण आतून पूर्ण असलेला मूळ स्विच हा चकाकणाऱ्या नव्या नकलेपेक्षा चांगला सौदा आहे. नकलेतली पत्ती बरेचदा पातळ पत्र्याची असते. दोन मोडक्या स्विचचा एक चांगला स्विच होतो, हे या बाजारात फिरणाऱ्यांना माहीत असते.

जुळवणी करताना छर्ऱ्याखाली ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आणि पत्तीवर व्हॅसलीनचा अगदी पुसट हात पुरतो. स्विच हँडलवर अशा कोनात आवळावा, की वायरीचे तोंड खाली राहील आणि पाणी तिथूनच निथळून जाईल. मग हँडल पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवून बघावे. वायर कुठेही ताणता कामा नये आणि क्लचच्या केबलखाली चेपता कामा नये. शेवटी दिवा लावून स्विचच्या दोन टोकांवर तोच मीटर पुन्हा टेकवावा. दुरुस्तीआधी जिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसत होता तिथे ०.१ च्या आतला आकडा आला, आणि हँडल हलवताना तो स्थिर राहिला, की झाकणाचे स्क्रू आवळायला हरकत नाही.